गाठीचा पाणीपुरवठा

दुपारच्या शांततेत नळ खाकरला.

आमच्या शहरात नळ आधी खाकरतो, मग हवा सोडतो, मग गढूळ थुंकतो आणि त्यानंतर, मर्जी असेल तर, पाणी देतो. आठवड्यातून एकदा. माझी सहा वर्षांची लेक करुणा झोपेतच म्हणाली, "आई, आलं." लिहिणं सोडून मी बादल्या मांडायला धावले. त्यामुळे पुढचा मजकूर जरा ओलसर आहे.

वाढीचा एकच नियम आहे: ज्याच्यापर्यंत पाइपलाइन पोचली, तो वाढला. हा नियम शहराला लागू आहे, तसाच माझ्या गळ्यातल्या गाठीलाही.

गाठ थायरॉइडमध्ये आहे, सुपारीएवढी. तिच्या कार्यक्षमतेबद्दल मला नितांत आदर आहे. रक्त मिळाल्याशिवाय कुठल्याच गाठीला फार मोठं होता येत नाही. म्हणून ती आसपासच्या रक्तवाहिन्यांना निरोप धाडते, आणि त्यांना नवे फाटे फुटून तिच्या दारापर्यंत येतात. अर्ज नाही, निविदा नाही, भूमिपूजन नाही. उद्घाटनाला पाहुणे मिळेनात म्हणून नव्या रक्तवाहिन्या कोरड्या पडून राहिल्या, असं एकही उदाहरण वैद्यकशास्त्रात नाही. जायकवाडी धरण आमच्यापासून इतकं जवळ. तिथून पाणी आणणाऱ्या मंडळींनी सदर गाठीचा एकदा अभ्यासदौरा करावा, ही नम्र सूचना. (स्थळ माझा गळा असल्यानं प्रवासभत्ता मिळणार नाही.)

सोनोग्राफीला करुणाला घेऊनच गेले होते; घरी ठेवणार कुणापाशी? पडद्यावर गाठ दिसली आणि तिच्याभोवती लाल-निळे ठिपके लुकलुकायला लागले.

"आई, तुझ्या गळ्यात लायटिंग केलीय."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. ते थांबणं मला फार स्पष्ट ऐकू आलं.

"हे रक्त आहे," त्या म्हणाल्या. "साध्या गाठीत ते बहुतेकदा कडेकडेनं फिरतं. कॅन्सरच्या गाठीत मधोमध घुसतं, वाहिन्याही वेड्यावाकड्या असतात. पण एवढ्यावरून ठरत नाही हो. साधी गाठसुद्धा कधी कधी भरपूर रक्त ओढते. सुई घालून तपासू."

रिक्षात करुणानं विचारलं, "साधी म्हणजे कसली? आणि ती दुसरी?"

मी तिला समजेल असं सांगितलं. साधी गाठ म्हणजे रीतसर नळ घेतलेलं घर. कॅन्सरची गाठ म्हणजे नळाला मोटर लावणारं घर. ते सगळ्या गल्लीचं पाणी आपल्याकडं ओढतं, टाकी भरली तरी थांबत नाही, आणि शेवटी शेजाऱ्याची भिंत फोडून त्याच्या घरात शिरतं. (ही व्याख्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. आईच्या पुष्कळशा व्याख्या रिक्षातच तयार होतात.)

आता मोटरविषयी. नळाला थेट मोटर जोडायला मनाई आहे, त्यामुळे ती कुणाकडंच नसते. आमच्या गल्लीची पाहणी सांगते: मोटर नसलेली घरं शंभर टक्के, पाणी आल्यावर घुरघुरणारी घरं त्याहून थोडी जास्त. आमच्याकडंही मोटर नाही. ती गोणपाटाखाली आहे. सुरुवात आम्ही केली नाही, शेजारच्या सर्जेरावांनी केली. सर्जेरावही हेच सांगतात, फक्त नाव बदलून. हे वाचताना तुम्ही आत्ता जी मान हलवलीत, ती बघून बरं वाटलं. तुमच्याकडं गोणपाट आहे की ताडपत्री, हे मी विचारत नाही.

तर मोटर घुरघुरत होती आणि दारात आवडाबाई येऊन उभ्या राहिल्या. गल्लीच्या टोकाला एकट्या राहतात. हातात रिकामी घागर.

"विशाखा, झाली का बाई तुमची टाकी? आमच्याकडं नुसतं सूं सूं करतंय."

"झालीच, मावशी. पाच मिनिटं."

"मागल्या टायमाला बी पाचच मिनटं व्हती." त्या पायरीवर टेकल्या. "गळ्याचं काय म्हणले गं डाक्टर?"

तेवढ्यात फोन वाजला. माझा नवरा अभय वाळूजच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट करून परस्पर सुईच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला गेला होता.

"साधी हाय," तो म्हणाला आणि नळासारखाच खाकरला. मग म्हणाला, "कॅन्सर नाय. ऐकू येतंय ना तुला?"

"मोटर चालूय. परत सांग."

त्यानं परत सांगितलं. मी ओल्या फरशीवर बसले आणि उठून आलेल्या करुणाला पोटाशी घेतलं. तिच्या केसांना अजून झोपेचा वास होता. माझी गाठ साधी आहे, हे मी तिच्या कानात सांगितलं. आवडाबाईंनी पायरीवरूनच कानशिलावर बोटं मोडली.

करुणानं माझ्या गळ्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे तिनं मोटर नाही लावली?"

"नाही लावली."

"दुसऱ्यांचं पाणी नाही ओढलं?"

"नाही, बाळा."

टाकी कधीच भरली होती. गच्चीवरून पाणी धो धो अंगणात पडत होतं. करुणानं त्या धारेकडं पाहिलं, आवडाबाईंच्या घागरीकडं पाहिलं, मग गोणपाटाकडं.

"आई, मग आपण कसली गाठ?"