गारांनी मेंढरे मेली आणि मदत निघाली त्याची हकीकत

श्री. वाचणारास आयुष्य असो, लिहिणारास धीर असो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी, फाल्गुन मासी राज्यात गारांचा वर्षाव जाहला, त्याचे वर्तमान ऐसे. वरले परगण्यातील लगमाबाई मेंढकी, नवरा वारलियावर धाकटा दीर धुळा यासमवेत कळप राखीत असे. ते साली गावी चारा नाही म्हणोन ती मेंढरे घेऊन खालले परगण्यात उतरली आणि एका माळावर राहिली. तेथे दोन प्रहरी आभाळ काळे जाहले आणि लिंबाएवढ्या गारा पडो लागल्या. बाईने दोन कोकरे पोटाशी धरून पाठ वर केली, धुळ्याने डोईवर पातेले घेतले. परंतु उघड्या माळी कळप कोठे लपवावा? गारा थांबल्या तो निम्मी मेंढरे आडवी जाहली. बाई एकेकीचे तोंड हाती घेऊन पाहात फिरली, परंतु रडत बसली नाही, कारण वाचली होती ती थंडीने कापत होती आणि त्यांस आधी शेकणे प्राप्त होते.

हे वर्तमान राजधानीस कळले आणि प्रभूंस बहुत कळवळा आला. तत्काळ आज्ञा जाहली की, ज्यांची जनावरे मेली त्यांस तातडीची मदत द्यावी, परंतु कारकुनाने मढे डोळ्यांनी पाहून पंचनामा करावा, त्याविना देऊ नये. मग धुळा खालले कचेरीस गेला आणि तेथील कारकून त्र्यंबकराव पुसते जाहले, "गाव कोणते तुझे?" धुळा बोलिला, "वरल्या परगण्यातलं." "मग तिकडे जा. आम्ही आमचे रयतेस देतो." मग धुळा वर गेला आणि तेथील कारकून बोलिले, "मेंढरे मेली खाली. ती हद्द आमची नव्हे." मग धुळा पुन्हा खाली आला आणि राव बोलिले की, राजधानीस पुसतो, तोवर मढी हलवू नका. आणि उत्तर येईना. इकडे मढी फुगली आणि कुत्री जमली आणि गावकरी नाकास धोतर लावून सांगून गेले की पुरा, नाही तर निघा. गारांनी झोडपलेले गवत सडले आणि वाचली मेंढरे उपाशी ओरडो लागली. धुळा बोलिला, "वहिनी, थोडा दम धरू. सरकारनं कबूल केलंय." बाई बोलिली, "मी धरीन रं दम. ह्यांनी कसा धरायचा?" आणि दुसरे दिवशी आणखी दोन मेंढ्या बसल्या त्या उठल्या नाहीत, आणि त्या गारांनी नव्हे, भुकेने मेल्या. मग बाईने खड्डा खणविला आणि सर्व मढी पुरिली आणि वर मूठभर हळद टाकिली आणि कळप हाकून नदीपलीकडे निघाली. धुळा बहुत रागावला, परंतु मागून चालला.

मग राजधानीचे उत्तर आले की, मेंढरे मेली तेथलेच कचेरीने पंचनामा करावा. त्र्यंबकराव छायाचित्रे काढणारा घेऊन माळावर गेले, तो माळ रिता. मग जीपगाडी पिटाळून त्यांनी बाईस वाटेत गाठिले आणि बोलिले, "थांबा बाई, पंचनामा करणे आहे." बाई बोलिली, "मेंढरं थांबत न्हाईत साहेब. चालत बोला." मग राव कागद सावरीत कळपामागून धुळीतून चालिले. "मढी कोठे?" "पुरली." "हलवू नका म्हणोन सांगितले होते ना?" "मग उकरा. जागा दावाया धुळा येतोय." रावांनी घाम पुसला आणि हळूच बोलिले, "उकरावयाची आज्ञा नाही. मला वाईट वाटते बाई, परंतु पाहिली नाहीत ऐसेच लिहावे लागेल." बाई बोलिली, "लिवा. आन् ही जिती दिसत्यात, ती बी लिवा." राव बोलिले, "जितीचा रकाना नाही." तो पुढे हिरवळ लागली आणि मेंढरांनी माना खाली घातल्या, आणि बाई रावांस तेथेच सोडून त्यांजकडे गेली.

येणेप्रमाणे मदत जाहीर जाहली. नियम कोणी मोडिला नाही आणि बाईस काही पोहोचले नाही. खजिन्यात शिल्लक राहिली म्हणोन प्रभूंनी कारभारियांस शाबासकी दिली. दोन कमी निम्मा कळप वाचला, तो बाईने वाचविला. लेखणी येथेच ठेवितो, कारण याउपरि जे तोंडास येते ते कागदावर शोभत नाही.