पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची

आमच्या सामोआत घरजावयाला मान असतो, पण तो भट्टीपाशी. इओसेफोने सासुरवाडीत तीस वर्षं काढली होती. डुकरं भाजायची, अळूचे कंद सोलायचे आणि तोंड बंद ठेवायचं. एकाच कामात त्याची कॉलर ताठ व्हायची : लग्नकार्यात पाहुणे बसवणं. आणि या खेपेला, आपल्या नातीच्या लग्नात, सासूबाईंनी नेमकं तेच काम धाकट्या मेहुण्याला, ऑकलंडहून आलेल्या सेमीसीला दिलं.

"तो जग बघून आलाय," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही आपले डुकरांकडे बघा."

इओसेफोच्या अंगाचा तिळपापड झाला.

सेमीसीने मांडवातल्या प्रत्येक खुर्चीला नावाची चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठ्या रंगीत होत्या. (सगळ्यात जास्त झोंबले ते रंगच.)

"कशी आहे आयडिया, दाजी?"

"छान," इओसेफो म्हणाला. भट्टीत त्यानं दोन लाकडं जास्तच कोंबली.

सगळे चर्चला गेले, इओसेफो डुकरं राखायला मागे राहिला. एकच चिठ्ठी काढायची, असं त्यानं ठरवलं होतं. नुसती गंमत. पण एक निघाल्यावर हात काही थांबेना. न वाचताच साऱ्या चिठ्ठ्या खरवडून त्यानं खिशात कोंबल्या. होऊ दे फजिती. मग येईलच धावत, 'दाजी, तुम्हीच सांभाळा' म्हणत.

वऱ्हाड आलं. बोडक्या खुर्च्या बघून सेमीसीचा चेहरा पडला. इओसेफोने हात धुतले, शर्ट झटकला आणि भट्टीआड हाकेची वाट बघत उभा राहिला.

हाक आलीच नाही. मानाप्रमाणे कुणी मांडवाच्या कुठल्या खांबाशी बसायचं, हे आमच्या गावात दात येण्याआधी कळतं. मोठे सरदार टोकाच्या खांबांशी गेले, त्यांच्या वतीने बोलणारे वक्ते पुढच्या खांबांशी, पाद्रीबाबा मधोमध. ना धक्का, ना रुसवा. (म्हणजे तीस वर्षं इओसेफो ज्यांना 'बसवत' होता, ते आपणहूनच बसत होते तर.)

"इतकं सुरळीत लग्न मी पाहिलं नाही," मोठे सरदार सेमीसीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले.

"आता नाताळही सेमीसीच बघेल," सासूबाई म्हणाल्या. "माझी मयतसुद्धा."

जेवणं उरकल्यावर सेमीसी भट्टीपाशी आला.

"दाजी, थोडक्यात वाचलो. येतो म्हणून ज्यानं आधी कळवलं, त्याला मी पुढची खुर्ची दिली होती."

"सरदार कुठे कळवतात?"

"तेच ना. त्यांची खुर्ची पार संडासाशेजारी गेली होती. चिठ्ठ्या कुणी काढल्या देव जाणे, पण माझी अब्रू राखली."

इओसेफो भट्टीतली राख उकरू लागला. मीच काढल्या, हे सांगायची सोय नव्हती.

"वाईट फक्त तुमचं वाटतं, दाजी. तुम्ही घरातलेच, तुमचं नाव सगळ्यात आधी आलेलं. पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची, नवरीशेजारी."

तेवढ्यात इओसेफोची बायको मालिया पाणी घेऊन आली.

"अहो, कोपराला काय चिकटलंय?"

तिनं ओढून काढलं. हिरवी चिठ्ठी होती, इओसेफोच्या नावाची. मालियाने ती वाचली, भावाकडे बघितलं, मग नवऱ्याच्या फुगलेल्या खिशाकडे. भट्टीपाशी लाकडाचा एक ओंडका होता, त्यावर तिनं चिठ्ठी नीट दाबून चिकटवली.

"बसा," ती म्हणाली. "तुमची जागा धरून ठेवलीय."