काटेरावांच्या काकडीचा सोहळा

एका जंगलात, मुलांनो, उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. म्हणजे पिल्लांना लागली होती. आईबाबांच्या ती अंगावर आली होती.

त्या जंगलातल्या एका टेकडीच्या पोटात साळिंदरांचं घर होतं. बाबांचं नाव काटेराव. आईचं नाव रेशमाबाई. हसू नका. तिच्या आईवडिलांनी हौसेनं ठेवलं होतं. मोठा मुलगा तरवड आणि धाकटी मुलगी बोरी.

घराच्या भिंती मातीच्या होत्या. छत मातीचं होतं. जमीनही मातीचीच होती. हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण काटेरावांच्या ते लक्षात राहिलं नाही.

झालं असं, की सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मोठ्या वडाखाली प्राध्यापक पिसारे यांचं व्याख्यान झालं. पिसारे हे मोर होते. पिसारा मळेल म्हणून ते सहसा जमिनीवर उतरत नसत. फांदीवर बसूनच बोलत.

"आजच्या पिल्लांची मातीशी नाळ तुटली आहे!" ते म्हणाले. "घरोघरी बाग फुलवा! पिल्लांच्या हाती बी द्या!"

खाली धुळीत बसलेल्या सगळ्या आईबाबांनी माना डोलावल्या.

काटेरावांच्या शेजारी खवलेकाकू बसल्या होत्या. त्या खवल्या मांजराच्या घरातल्या. त्या म्हणाल्या, "पण सर, आमचा गोटू तर सकाळपासून वारुळात डोकं घालून बसलेला असतो. नाकापर्यंत माती असते."

"ती अशास्त्रीय माती," पिसारे म्हणाले.

खवलेकाकूंनीही मान डोलावली. काटेराव मात्र पेटून उठले.

ते घरी आले तेव्हा पोरं मामाकडे निघायच्या तयारीत होती. रेशमाबाईंचा भाऊ, भुरामामा, दोन टेकड्यांपलीकडे नदीकाठी राहायचा. तिथे डोह होता. करवंदांच्या जाळ्या होत्या. पोरं वर्षभर त्याबद्दलच बोलत असत.

"यंदा मामा नाही," काटेराव म्हणाले. "यंदा बाग."

"पण बाबा, मामानं सांगितलंय, करवंदं काळी झालीत," बोरी म्हणाली.

"करवंदं खाऊन तू काय शिकणार?"

बोरीनं खूप विचार केला. "करवंदं खायला," ती म्हणाली.

काटेरावांनी रेशमाबाईंकडे पाहिलं. बघ, हिला शिकवायला किती उशीर झालाय, असं त्या पाहण्यात होतं. रेशमाबाईंनाही दोन टेकड्या उन्हात चढायचा कंटाळा आला होता. त्यांनी पोरांची बोचकी सोडली.

दुसऱ्या दिवशी रानडुकराच्या पाठीवरून शास्त्रीय माती आली. बदल्यात काटेरावांनी आठवड्याभराचे कंद दिले. तरवडनं माती हुंगली.

"बाबा, ही आपल्याच घरामागची आहे. हा बघा, परवा मी लपवलेला कंद."

"तो कंद नाही. तो सेंद्रिय घटक आहे," काटेराव म्हणाले आणि त्यांनी तो परत मातीत दाबला.

बांबूची पेरं कापून पाच कुंड्या केल्या. त्या दारात ओळीनं मांडल्या. पोरांना पळसाच्या पानांचे मोजे शिवले, कारण मातीत हात घालायचा तर हात स्वच्छ राहायला नकोत का? मग पाचही कुंड्यांत काकडीचं बी टोचलं. काटेरावांनी त्याच दिवशी एक पोपटही लावला.

पोपट लावणं म्हणजे काय, ते सांगतो. त्या जंगलात कोणाच्या घरी काही घडलं, की पोपट ते सगळीकडे ओरडून यायचा. मग बाकीच्या घरांतले पोपट "अभिनंदन! अभिनंदन!" असं उलट ओरडायचे. कोणी कोणाच्या घरी जायचं नाही. पण सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं.

चार कुंड्यांत काहीच आलं नाही. पाचव्या कुंडीत मात्र कोंब फुटला. ती बोरीची कुंडी होती.

"काटेरावांच्या बागेत पहिलं पान!" पोपट ओरडला.

"अभिनंदन! अभिनंदन!"

बोरीला पोपटाचं काही नव्हतं. तिला तो वेल आवडायचा. तिनं त्याचं नाव वेलोबा ठेवलं. सकाळी उठली, की मोजे काढून ती कुंडीपाशी बसायची. वेलोबानं काल काठी धरली नव्हती, आज धरली, एवढ्यावर तिचा दिवस जायचा. तरवड आधी रुसून बसला होता. पण वेलोबाला पिवळं फूल आलं, तेव्हा तोही येऊन बसला.

फुलामागे एक काकडी धरली. आधी मुंगीएवढी. मग बोटाएवढी. तिच्यावर बारीक पांढरी लव होती.

"आई, ही आपल्यासारखीच आहे," बोरी म्हणाली. "काटे आहेत, पण मऊ."

रेशमाबाईंना ते ऐकून हसू आलं. त्या लेकीजवळ बसल्या. तेवढ्यात काटेराव धावत आले.

"हात नका लावू कुणी! गवेसाहेबांची तारीख मिळालीये!"

गवेसाहेब म्हणजे जंगलाच्या उद्यान मंडळाचे अध्यक्ष. प्रचंड गवा. त्यांच्या हस्ते पहिली काकडी कापायची, चाळीस पाहुणे बोलवायचे, तरवडनं 'माझी बाग, माझा श्वास' हे भाषण करायचं, असं काटेरावांनी ठरवून टाकलं होतं.

"कधी येणार साहेब?" तरवडनं विचारलं.

"पुढच्या पौर्णिमेला. पंधरा दिवसांनी."

"पण बाबा," बोरी म्हणाली, "काकडी चार दिवसांत तयार होईल. ती थांबणार नाही."

"साहेब थांबणार नाहीत. काकडीला थांबावं लागेल."

काकडी काही थांबली नाही. चार दिवसांत ती छान हिरवी झाली. आठव्या दिवशी जाड झाली. दहाव्या दिवशी एका बाजूनं पिवळी पडू लागली. काटेरावांनी पिवळी बाजू भिंतीकडे वळवून ठेवली.

आणि मुलांनो, तेवढ्यात झरा आटला.

म्हणजे पूर्ण नाही आटला. बारीक झाला. मग वाळलेल्या दुधीचा एक तुंबा पाणी, दर घराला, दर दिवशी, असं ठरलं. त्या एका तुंब्यात चौघांचं पिणं. त्यातच वेलोबा.

आणि त्यातच पन्हं. चाळीस पाहुण्यांना उन्हातून आल्यावर पन्हं नको का? रेशमाबाईंनी कैऱ्या उकडून ठेवल्या होत्या. पाणी त्या रोज थोडं थोडं बाजूला काढून साठवू लागल्या. आधी पोरांची आंघोळ बंद झाली. पोरं त्यावर खूश होती. मग वेलोबाचं पाणी बंद झालं.

"अगं आई, पण त्याचाच समारंभ आहे ना?" बोरीनं विचारलं.

"म्हणून तर," रेशमाबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळाला घाम होता आणि समोर कैऱ्यांचा ढीग होता. आपण काय म्हणालो, हे त्यांनी स्वतःही ऐकलं नाही.

पोरांना सकाळ-संध्याकाळ एकेक द्रोण पाणी मिळायचं. बोरी संध्याकाळचा द्रोण घेऊन बाहेर जायची. रिकामा घेऊन आत यायची. ती बाहेर बसून पाणी पिते, असं सगळ्यांना वाटायचं. तरवडला तसं वाटलं नाही. कारण वेलोबाची पानं टवटवीत होती आणि बोरी सुकत चालली होती.

"काटेरावांची धाकटी हल्ली किती शांत झालीये!" खवलेकाकू म्हणाल्या.

"बागकामानं संयम येतो," काटेराव म्हणाले. पोपटानं तेही ओरडून सांगितलं.

समारंभाच्या आदल्या सकाळी बोरी कुंडीपाशी बसली आणि उठलीच नाही. तरवडनं तिला हलवलं. तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. जीभ कोरडी पडली होती.

"बाबा!" त्यानं हाक मारली.

काटेराव मंडपाला पानं बांधत होते. "भाषण पाठ झालं का?" त्यांनी वरूनच विचारलं.

"आई!"

रेशमाबाई मध आणायला गेल्या होत्या.

पन्ह्याचा रांजण मागच्या खोलीत होता आणि त्याच्या तोंडावर काटेरावांनी शिळा ठेवली होती. तरवडनं ती ढकलून पाहिली. हलली नाही. तो बाहेर आला. त्यानं एकदा मंडपाकडे पाहिलं. मग काकडी तोडली, दगडावर आपटली आणि तिचे दोन तुकडे केले.

आत ती अजून पांढरी होती. पाण्यानं भरलेली होती.

"खा," तो म्हणाला.

"साहेब..." बोरी म्हणाली.

"खा गं आधी."

तिनं खाल्ली. बिया थोड्या निबर झाल्या होत्या. पण गार होती. अर्धी संपल्यावर तिनं डोळे उघडले आणि उरलेली अर्धी त्याच्यापुढे धरली. त्यानं एक घास घेतला. बाकीची तिलाच भरवली.

मग तो खवलेकाकूंच्या दारात गेला. "काकू, आम्ही मामाकडे जातोय. बोरीला पाणी हवंय. आईला सांगा."

काकूंनी घरात होतं तेवढं पाणी बोरीला पाजलं आणि पुढे पहिल्या टेकडीपर्यंत सोबत केली. दोन टेकड्या पोरं सावलीसावलीनं गेली. चढ आला, की तरवड तिला पुढे घालून मागून ढकलायचा. काटे टोचायचे. त्यानं तक्रार केली नाही. ऊन उतरायच्या वेळी त्यांना नदी दिसली.

इकडे काकूंनी निरोप दिला. काटेरावांनी आधी वेलाकडे पाहिलं. काकडीच्या जागी नुसता देठ होता. रेशमाबाईंनी दाराकडे पाहिलं. तिथे दोन जोड पळसाचे मोजे पडले होते.

"मी जाते," त्या म्हणाल्या आणि दोन पावलं चालल्याही.

"अगं, मामाकडेच तर गेलीत!" काटेराव म्हणाले. "आपल्याच माणसाकडे. उद्या साहेब येतायत. चाळीस पाहुणे! परवा जाऊ दोघं."

रेशमाबाई थांबल्या. पन्ह्यात मध घालायचा राहिला होता.

काकडीची सोय काटेरावांनीच केली. घळीतून एक रानकाकडी आणली आणि दोऱ्यानं देठाला बांधली. दिसायला ती पहिल्या काकडीपेक्षा चांगली होती. चवीला मात्र विषासारखी कडू. "साहेब नुसती कापतील," ते म्हणाले. "मोठी माणसं समारंभात खात नाहीत."

पौर्णिमेला पाहुणे आले. पन्हं प्याले. "वा, पन्हं!" म्हणाले. प्राध्यापक पिसारे फांदीवरून बोलले. मग त्यांनी पुकारलं, "ज्यांच्या चिमुकल्या हातांनी ही बाग फुलवली, त्या पिल्लांनी पुढे यावं!"

कोणीच पुढे आलं नाही.

काटेरावांनी घाईघाईनं खवलेकाकूंच्या गोटूला पुढे ढकललं. गोटू लाजाळू होता. एवढे पाहुणे बघून त्यानं अंग गोळा केलं, डोकं पोटात घातलं आणि तो गोल चेंडू होऊन बसला.

"बीज!" पिसारे गहिवरून म्हणाले. "हा बालक बीज झाला आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

गवेसाहेबांनी काकडी कापली. आणि मोठी माणसं समारंभात खात नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं, कारण त्यांनी अर्धी तोंडात टाकली. त्यांचे डोळे मोठे झाले. कान थरथरले. पण समोर पाहुणे होते आणि वर पोपट होता.

"काय गोडी!" साहेब म्हणाले.

उरलेली काकडी मग प्रसाद म्हणून वाटली गेली. ज्यानं ज्यानं खाल्ली, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मेहनतीची चवच वेगळी," एक जण म्हणाला. दुसऱ्यानं बियाणं मागितलं.

साहेबांना तोंडातला कडूपणा सहन होईना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळच हिरवागार वेल होता. त्यांनी तो एका घासात ओढला. पानं, फुलं, काठी, सगळं. मग 'उत्कृष्ट बागप्रेमी कुटुंब' असं लिहिलेली झाडाची साल काटेरावांच्या गळ्यात घातली आणि ते पुढच्या कार्यक्रमाला गेले.

दुसऱ्या दिवशी काटेराव आणि रेशमाबाई नदीकाठी पोचले. काटेरावांच्या गळ्यात ती साल होतीच. भुरामामा दारात बसला होता. त्यानं सालीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं.

"ताई, आधी पाणी पी," तो म्हणाला. "पोरं डोहावर आहेत. बोरी काल दिवसभर झोपली होती. आज बरी आहे."

रेशमाबाई पाणी न पिताच डोहाकडे गेल्या. बोरी पाण्यात पाय सोडून बसली होती. तोंड करवंदांनी जांभळं झालं होतं. आई दिसताच ती धावत आली. मग थबकली.

"आई, वेलोबा कसा आहे?"

काटेराव मागून आले. "साहेबांनी खाल्ला, बाळा," ते म्हणाले. "त्यांना फार आवडला."

बोरीनं बाबांकडे पाहिलं.

"त्यांना भूक लागली होती का?"

"नाही," रेशमाबाई म्हणाल्या. आणि तिथेच, ओल्या मातीत, त्या मटकन खाली बसल्या. बोरी त्यांच्या मांडीवर येऊन बसली. तरवड जरा लांब उभा होता. त्यांनी हात पुढे केला, तेव्हा तोही आला.

रेशमाबाईंनी उरलेली सुट्टी तिथेच काढली. काटेरावांना मात्र त्याच दिवशी परतावं लागलं. बागेच्या यशामुळे त्यांना वडाखाली व्याख्यानाचं बोलावणं आलं होतं. विषय होता, 'सुट्टीत पिल्लांना वेळ कसा द्यावा'. ते अडीच तास बोलले.

तात्पर्य : मुलांसाठी केलेल्या समारंभाला मुलं लागतातच असं नाही. पन्हं मात्र सगळ्यांना पुरायला हवं.