ताटलीला लावलेलं करंजेल

दसऱ्याच्या सकाळी ताराबाईंनी घरातलं सगळं लोखंड अंगणात काढलं. विळे, कोयते, कुदळी, पहार, नांगराचा फाळ. राखेने घासलं, धुतलं, उन्हात वाळवलं आणि फडक्याने करंजेल, म्हणजे करंजाचं तेल, चोळलं. घासलेल्या लोखंडाला त्याच दिवशी तेल मिळालं नाही तर ते रुसतं आणि गंज धरतं, हे त्यांना सासूने शिकवलं होतं. सासूचं बाकी काही त्यांनी ऐकलं नाही, पण हे ऐकलं. तेवढ्यात त्यांची नजर नातीच्या नव्या सायकलीवर गेली.

ती काही साधी सायकल नव्हती. पूजा अकरावीला गेली म्हणून तिच्या बापाने, साईनाथने, आणलेली. वाडीतली पहिली डिस्क ब्रेकवाली. चाकाच्या मधोमध भोकाभोकांची चकचकीत चकती, आणि ब्रेक दाबला की दोन पॅड दोन्ही बाजूंनी तिला चिमटीत धरायचे. ताराबाई त्या चकतीला ताटली म्हणत. एवढं देखणं लोखंड आणि अंगावर तेलाचा थेंब नाही? आणणाऱ्याला हौस असते, निगा घरातल्या बाईच्या गळ्यात पडते. त्यांनी दोन्ही चाकांच्या ताटल्या आतून-बाहेरून चोळल्या, पॅडपर्यंत फडकं घातलं, हळदकुंकू वाहिलं आणि हँडलला झेंडूची माळ घातली.

दुसऱ्या दिवशी पूजा कॉलेजला निघाली. वाडीतून किन्हवलीच्या रस्त्याला लागायला मोठा उतार आहे आणि उताराच्या तळाशी, अगदी वळणावर, वाडीतल्या ठकीचं अंगण. पूजाने ब्रेक दाबला तसा डुक्कर धरल्यासारखा आवाज झाला. वाडी दारात आली. सायकल मात्र थांबली नाही. ती ठकीने वाळत घातलेल्या सुकटीतून आरपार गेली आणि कुडावर टेकली. वाडीतल्या मांजरांचा दसरा त्या दिवशी झाला.

साईनाथ वाशिंदच्या कारखान्यातून घरी आला आणि त्याने स्वतः सायकल उतारावरून चालवून पाहिली. दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन ब्रेक दाबला तेव्हा कुठे सायकल विहिरीपाशी थांबली. त्याने तिथल्या तिथे निकाल दिला. रविवारी तो पुन्हा उतारावरून जाऊन बघणार. सायकल थांबली तर ठीक, नाहीतर ती विकायची आणि पूजाने मुरबाडला मामाकडे राहून शिकायचं.

पूजा त्या दिवशी जेवली नाही. ताराबाई जेवल्या, पण गप्प राहून जेवल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. पोर मुरबाडला गेली की विहीणबाई जन्मभर ऐकवणार, तुमच्या नातीला आम्ही शिकवलं. आणि पूजा गेल्यावर घरात भांडायला तोलामोलाचं माणूसच उरणार नव्हतं. सुनेला एक शब्द बोललं की ती रडायची. त्यात काय मजा?

"तू कुटं जात नायस," त्या पूजाला म्हणाल्या. "ब्रेकाचं मी बघते."

त्यांचा विचार सरळ होता. दार कुरकुरलं की तेल घालतात. गाडीचा आस कुरकुरला की तेल घालतात. कुरकुर म्हणजे कोरड. पहाटे सगळे उठायच्या आत त्यांनी वाटीभर करंजेल घेतलं आणि फडक्याची कंजुषी न करता थेट पॅडवर ओतलं. चाक फिरवून ब्रेक दाबून पाहिला. चूं नाही की चां नाही. ताराबाईंना स्वतःचा अभिमान वाटला. तो एरवीही वाटायचा.

आवाज गेला म्हणून पूजाही खुशीत निघाली. उतारावर तिने ब्रेक दाबला तेव्हा तो सुरेख, मऊ, मुकाट्याने दाबला गेला आणि सायकल उलट जास्तच वेगात सुटली. ठकी अंगणात पाठमोरी बसून उरलीसुरली सुकट निवडत होती. या खेपेला सुकटीबरोबर टोपली आणि ठकीही गेली.

"आदी निदान बोंबलत तरी येत व्हती," ठकी कंबर धरून ताराबाईंच्या दारात येऊन म्हणाली. "आता चोरासारकी येते. तारावयनी, ही सायकल हाय का बिबट्या?"

मग ताराबाईंनी पदर खोचला. सायकल टमटमच्या टपावर चढवली, पूजाला शेजारी बसवलं आणि शहापूर गाठलं. तिथे नामा मेकॅनिकने चाक काढलं, पॅड बाहेर काढून बोटाने चाचपले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, ह्याच्यावर कुणीतरी तेल ओतलंय. पॅड पार प्यालेत."

"ठकी," ताराबाई तत्काळ म्हणाल्या. आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ठकीची हकिगत ऐकवली. पोरीला सायकल आली तेव्हापासून त्या बाईचा जीव कसा जळतो, सुकटीचं कसं निमित्त झालं, आणि रात्री येऊन तेल ओतायचं काळीज तिलाच कसं आहे. टमटममधून सोबत आलेली किन्हवलीची दोन माणसं चहा पीत ऐकत होती.

नामाने पॅड त्यांच्यापुढे धरला. "हुंगून बघा. ओळखीचा वास हाय का?"

ताराबाईंनी हुंगलं. कडू, उग्र, करंजेलाचा वास. वाडीत करंजाच्या बिया गोळा करून घाण्यावर नेणारं घर एकच होतं. ठकीला दिव्यापुरतं करंजेल लागलं तर तीसुद्धा वाटी घेऊन त्यांच्याच दारात यायची.

त्यांनी नामाचा हात पॅडसकट बाजूला सारला.

"कुणी ओतलं ते जाऊ दे," मग त्या म्हणाल्या. "तू चौकशा करतोस की दुरुस्ती? काय काय करायचं ते मला दाखव. सगळं."

नामाने दाखवलं. थोडंसं तेल असतं तर पॅड काचपेपरवर घासून भागलं असतं, पण एवढे प्यालेले पॅड फेकायचेच. ताटली स्पिरिटने, कोऱ्या फडक्याने पुसायची. तिला तेल नाही, पाणी मारताना साबणाचं फेसकटही ठेवायचं नाही, हाताचं बोटसुद्धा नाही. साखळीला तेल घालताना थेंब उडाला तरी नडतो. पॅड झिजून पत्र्याला टेकायच्या आत बदलायचे. आणि नवे पॅड लगेच धरत नाहीत. वेगात जायचं, हळूहळू दाबायचं, असं पुन्हा पुन्हा.

"आजे," पूजा हळूच म्हणाली, "त्या दिवशी दसऱ्याला तू..."

"पोरी, मोठी माणसं बोलत असताना मधी बोलू नये."

टमटम वाडीत पोचायच्या आधी बातमी पोचली होती. ठकी रस्त्यात उभी होती, हात कमरेवर.

"तारावयनी, मी तेल ओतलं असं शहापुरात सांगून आलात?"

"ठके, मी तुला माफ केलं," ताराबाई म्हणाल्या.

"पर मी केलं काय?"

"त्येच तर. आता त्यो विषय काढायचा नाय. मी इसरले, तू बी इसर." आणि त्या रात्री त्यांनी ठकीकडे सुकटीची नवी थैली पाठवली. ठकी आठवडाभर विचार करत होती की आपण नक्की काय केलं.

पुढचे दिवस ताराबाईंनी पूजाला सपाट रस्त्यावर पिटाळलं. वेग घे, दाब, सोड. पुन्हा. सायकलीच्या पाच हातांच्या आत तेलाची वाटी येऊ दिली नाही. सुनेला केसांना तेल लावून सायकलीशेजारून जायचं तरी डोक्यावर पदर घ्यावा लागे.

रविवारी साईनाथ सायकलीवर बसला. पूजा म्हणाली, बाबा, नवे पॅड आहेत, एका बोटाने दाबा. साईनाथ म्हणाला, तू जन्मायच्या आधीपासून मी सायकल चालवतोय. तो उतारावरून सुसाट आला आणि मागच्यासारखेच दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन ब्रेक दाबले.

सायकल जागच्या जागी थांबली. साईनाथ मात्र हँडलवरून पुढे निघाला आणि बांधापलीकडच्या ओल्या वावरात उतरला.

ताराबाई धावल्या. त्यांनी आधी सायकल उभी केली, ताटली वाकली तर नाही ना ते डोळ्यांनी पाहिलं, बोट लावलं नाही. मग वावराकडे वळल्या.

"आये, पाय मुरगाळला," साईनाथ चिखलातून म्हणाला.

"सायकल थांबली का नाय, ते बोल."

"थांबली."

"तू थांबत नायस त्याला ती बिचारी काय करंल?"

साईनाथने चिखलातच थोडा विचार केला. मग म्हणाला, "मुरबाडला निरोप धाडा. पोर येत नाय म्हणावं."