ठकूबाईसाहेबांनीं तळें पोहिल्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, तळ्याच्या आईस नमन, आणि लेकरांस फुलासारखें जपणाऱ्या समस्त आईबापांसही नमन. शके सोळाशें बावीस, विक्रम संवत्सर, आश्विन शुद्ध पंचमी, ते दिवशीं एके राज्यांत वर्तमान जाहलें तें ऐसें.

हैबतराजे रणांत मोठे शूर, हत्ती अंगावर आला तरी पापणी न लवे, आणि कन्या ठकूबाईसाहेब नुसत्या शिंकल्या तरी वैद्यास पालखी धाडीत. राज्याचा रिवाज ऐसा कीं, वारसानें दहावे वर्षीं एकट्यानें तळें पोहून पैलतीरींचें कमळ आणावें. पाण्यांत कोणी मदतीचा हात लाविला तर गादी चुलत्याची. बाईसाहेब पाठीस दोन सुके भोपळे बांधून पोहावयास शिकल्या आणि पुढें तेही सुटले होते. परंतु ते दिवशीं राजियांचा जीव थाऱ्यावर नाहीं. एक भोपळा बांधिला, मग दुसरा, मग गांवोगांवचे आणविले, आणि एकवीस भोपळे स्वहस्तें आवळून म्हणाले, "आतां निर्धास्त जा, बाळ."

बाईसाहेब उतरल्या आणि टोपलीसारख्या तरंगूं लागल्या. हात पाण्यास पोंचेनात, पाय आभाळाकडे, आणि वारा सुटला तों गरगरत परत कांठास लागल्या. बाया तोंडास पदर लावून हंसल्या. चुलत्यांनीं मिशीस पीळ दिला. पुन्हां निघावयाची मुभा एकदांच होती.

"आबासाहेब, हे सोडा," बाईसाहेब म्हणाल्या.

"आणि बुडालीस तर?"

"बुडेन, मग वर येईन. गाठी पाठीवर आहेत, माझा हात पोंचत नाहीं. आपणच मारल्यात, आपणच सोडा."

मग राजे एकेक गाठ सोडूं लागले. वीस सुटले. एकविसावा धरून म्हणाले, "एक तरी राहूं दे गे." बाईसाहेबांनीं पाठ आणखी पुढें केली. मग तोही सुटला आणि त्यांनीं सूर मारिला.

मध्यावर मस्तक दिसेनासें जाहलें. राजे कमरेइतक्या पाण्यांत धांवले, आणि तेथेंच दांतओठ आवळून थांबले. पुढें पाऊल टाकिलें नाहीं. एवढा पराक्रम त्यांनीं कोणत्याही लढाईंत केला नव्हता. तों मस्तक वर आलें, रयतेनें एकच गलका केला, आणि घटकाभरानें बाईसाहेब दांतांत कमळ धरून, गुडघा खरचटून, खिदळत परतल्या.

"आबासाहेब, आपण कां भिजलां?"

राजियांच्या डोळ्यांस धारा लागल्या होत्या आणि हंसूं आवरत नव्हतें. "मीही शिकत होतों, बाळ. फार अवघड आहे."

येणेंप्रमाणें बाईसाहेब तळें पोहून आल्या, आणि राजे कमरेइतक्या पाण्यांतून सुखरूप परतले. घडलें तें इतुकेंच.