पाखऱ्या-ढवळ्यासाठी आमेन

आमच्या भवानीनगरात योहानतात्यांकडे जेवायचं असेल, तर आधी दोन मेलेल्या बैलांसाठी प्रार्थना करावी लागते.

पाखऱ्या आणि ढवळ्या हे तात्यांच्या निरवांगीच्या आजोबांचे बैल. आजोबा घराण्यातले पहिले ख्रिस्ती. जेवणाआधीची प्रार्थना त्यांनीच बसवली. अन्नाबद्दल प्रभूचे आभार, घरच्यांना सुखी ठेव, पाखऱ्या-ढवळ्याला बळ दे, आमेन. ती त्यांनी मुलाला शिकवली, मुलानं तात्यांना. बैल तात्यांच्या जन्माआधीच गेले, पण प्रार्थनेतून त्यांना सोडवायची कुणाची हिंमत झाली नाही.

चर्चच्या एका तरुण पाळकसाहेबांनी एकदा सुचवून पाहिलं, "तात्या, बैल आता नाहीत, तर तेवढं गाळलं तर?"

तात्यांची सारी नोकरी साखर कारखान्याच्या गोदामात गेलेली. ते म्हणाले, "साहेब, आपण हमाल. आज्यानं दिलेलं पोतं हाय तसं फुडं द्यायचं. मधी फोडायचं न्हाय."

पाळकसाहेबांनी रस्सा ओरपला.

घरचा दुसरा नियम असा की पंगतीत जो सगळ्यात धाकटा, त्यानं प्रार्थना म्हणायची. तात्यांच्या घरच्या काकू वारल्या आणि तात्या दर रविवारी मला जेवायला बोलवू लागले. मी समोरच्या घरातला शाळामास्तर. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसतो. पहिल्याच रविवारी ताट वाढून तात्या डोळे मिटून बसले ते बसलेच.

"मास्तर, म्हणा. तुमी धाकटं."

"तात्या, आमच्यात नाही हो म्हणत."

"पर आज आमच्यात जेवताय न्हवं?"

भाकरी गार होत होती. मी शिकलो. पहिल्यांदा घाईत ढवळ्या राहून गेला, तर तात्यांनी मला सगळी प्रार्थना पुन्हा म्हणायला लावली. बाकीचे सहा दिवस मात्र त्या पंगतीत थोरलेही तेच आणि धाकटेही तेच. हे मनात आलं की मला फार वाईट वाटायचं.

तात्यांना घोर होता तो वेगळाच. मुलगा सामू पुण्यात, नात रूथ सहा वर्षांची. दर रविवारी फोनवर एकच प्रश्न, "पोरीला शिकवलं का?" सामू म्हणायचा, "शिकवतो की, दादा." फोन ठेवून तात्या मला म्हणायचे, "मास्तर, माझ्या मागं हे पोतं उचलणार कोण वो?"

गेल्या नाताळाला सगळे आले. मीही होतो. करंज्या वाढून झाल्या, तात्यांनी डोळे मिटले. आता धाकटी रूथ.

"मला नाही येत," ती म्हणाली.

सामू ताटाकडे बघत राहिला. त्यालाही नीटशी आठवत नसावी. नियम म्हणजे नियम, तात्या हात जोडून, डोळे मिटून वाट बघत होते. ते मला बघवेना. मी रूथकडे सरकलो आणि हळूच एकेक वाक्य सांगू लागलो. ती माझ्यामागून म्हणत गेली. बैलांपाशी थांबली.

"हे कोण?"

"पणजोबांच्या बाबांचे बैल."

"मग आमचा ब्रूनो पण." आणि माझी वाट न बघता तिनं म्हणून टाकलं, "ब्रूनोलापण बळ दे."

ब्रूनो म्हणजे त्यांचं पुण्यातलं कुत्रं. सामूनं जीभ चावली. पोतं फुटलं होतं. मी तात्यांकडे बघायचं टाळलं.

"आमेन," तात्या म्हणाले. इतक्या मोठ्यांदा त्यांना आमेन म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

नाताळ संपला, पाहुणे गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आम्ही दोघंच. मी नेहमीप्रमाणे आभार मानले, घरच्यांना सुख मागितलं, दोन्ही बैलांना बळ मागितलं आणि भाकरीला हात घातला.

तात्यांनी डोळे उघडले नव्हते. माझा हात चाचपत त्यांनी धरला.

"मास्तर," ते म्हणाले, "ब्रूनो ऱ्हायला."