मानेखालचं पाणी

घनश्यामची मान उजवीकडे वळत नव्हती. डावीकडे वळायची, पण त्याच्या किराणा दुकानाचं दार उजव्या हाताला होतं. गिऱ्हाईक आलं की त्याला खुर्चीसकट अख्खं शरीर फिरवून सामोरं जावं लागे. घनश्यामभाऊ अलीकडे फार आदराने वागतात, असं गावात बोललं जाऊ लागलं.

"अजी, दवाखान्यात जा ना," बायको रुखमिणी रोज म्हणायची.

"जाईन," घनश्याम रोज म्हणायचा.

दवाखाना पवनीला होता आणि जागेश्वर दारात उभा होता, एवढाच काय तो फरक. जागेश्वर हा त्या भागातला पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो वावरातून चालायचा आणि नारळ जिथे उभा राहील तिथे बोअर मारायला सांगायचा. निम्म्या बोअरांना पाणी लागलं होतं. लोकांना उरलेले निम्मे जास्त आठवायचे. म्हणून मधल्या काळात तो नागपूरला जाऊन काही शिबिर करून आला आणि येताना तांब्याच्या दोन वाकड्या सळ्या घेऊन आला. जमिनीखालच्या पाण्यातून वाईट ऊर्जा वर येते आणि तिच्यावर झोपणारा माणूस आजारी पडतो, हे त्याचं नवं ज्ञान होतं. आता तो पाणी शोधत नसे. पाण्याने पीडलेली माणसं शोधत असे.

"झोपता कुठी?" त्याने घनश्यामला विचारलं.

झोपायच्या खोलीत जागेश्वरने दोन मुठींत दोन सळ्या धरल्या आणि पलंगाभोवती पावलं टाकली. घनश्यामच्या उशीवर येताच सळ्या हळूहळू फिरल्या आणि एकमेकींवर आडव्या पडल्या.

"दोन झरे," जागेश्वर खालच्या आवाजात म्हणाला. "एकावर एक. बराबर तुमच्या मानेखाली."

घनश्यामची मुलगी रुचिका नुकतीच बी. एस्सी. झाली होती. ती दारात टेकून पाहत होती.

"काका, ही ऊर्जा मोजतात कशात?"

"अनुभवात."

"पण त्याचं एकक काय?"

"तुह्या बाबाची मान," जागेश्वर म्हणाला.

"आईही त्याच पलंगावर झोपते. तिले काही नाही होत."

"झरा अरुंद हाय, बाई."

ते उत्तर चूक आहे हे दाखवायला रुचिकाला खोली खणावी लागली असती.

उपाय सोपा होता, पलंग हलवायचा. घनश्यामने एक बाजू धरली, जागेश्वरने दुसरी. तेवढ्यात खिडकीच्या गजांबाहेरून आवाज आला.

"पलंगाले हात लावू नको, घनश्या!"

तो तुलाराम होता, घनश्यामचा मोठा भाऊ. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती आणि मागची वाडी सामाईक होती. धाकट्या भावाच्या झोपायच्या खोलीत भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने, पाऊल टाकायचं नाही, ही रीत तुलाराम कसोशीने पाळायचा. त्यामुळे त्या घराशी त्याचे सगळे व्यवहार खिडकीतून चालत.

"काहून दादा?"

"दोन झरे हायेत म्हणते ना हा? मंग पलंग हलवून जागा गमवाची हाय काय?"

तुलारामचा प्रश्न वरून दिसतो तेवढा विक्षिप्त नव्हता. वाडीला लागून त्याच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, होती. उन्हाळी धान निसवण्याच्या बेतात आला होता आणि शेतातल्या बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी तळाला गेलं होतं. आणखी थोडे दिवस पाणी मिळालं नसतं तर लोंब्यांत दाणा भरला नसता, नुसती फोलं हाती आली असती. मागच्या वर्षी जागेश्वरच्याच नारळावर भरवसा ठेवून त्याने टेकाडावर बोअर मारला होता. त्यातून इतकी धूळ निघाली, की शेजारच्या लाखोरीच्या पिकाचा रंग बदलला. तेव्हापासून तुलाराम जागेश्वरशी बोलत नव्हता. आताही तो घनश्यामशीच बोलत होता.

"याच्या नारळावर माहा भरोसा नाही," तो म्हणाला. "याच्या सळ्यांवरही नाही. पण तुह्या मानेवर हाय. तू लहानपणापासून खोटं दुखणं कधी सांगतलं नाही. एवढी मान काही उगीच नाही धरत. खाली पाणी असनच."

जागेश्वरने हे ऐकलं आणि त्याच्या चेहऱ्यावर, धंद्याला दुसरी वाट फुटताना पाहणाऱ्या माणसाचं समाधान पसरलं. त्याने उशीपासून भिंतीपर्यंत चुन्याची रेघ ओढली, बाहेर जाऊन ती वाडीत पुढे नेली आणि खिडकीखाली थोड्या अंतरावर एक दगड ठेवला. बोअरची गाडी तेव्हा नाकाडोंगरीकडे अडकली होती. ती येईपर्यंत घनश्यामने जागा सोडायची नाही, असं ठरलं. दवाखान्यात जायचं नाही, हेही त्यातच आलं.

"मान बरी झाली तर पाणी कुठी हाय हे समजन कसं?" तुलाराम म्हणाला.

दुसऱ्या सकाळपासून तो खिडकीशी येऊन उभा राहू लागला.

"कशी हाय?"

"दुखते, दादा."

"शाबास."

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. गावातला डोमा आपल्या आईचे गुडघे घेऊन आला, म्हणजे बातमी घेऊन आला. आई घरीच होती. "बुढीचे गुडघे दुखतात जी. पाणी किती खोल असन?" जागेश्वर म्हणाला, गुडघे म्हणजे वरच पाणी, डोकं म्हणजे खोल. पित्त असेल तर पाणी खारं. डोमाने आईला भंडाऱ्याला दाखवायला न्यायचं ठरवलं होतं, ते त्याने बोअरनंतर पाहू म्हणून पुढे ढकललं. कुणाच्या घरात कोण कुठे झोपतं आणि कुणाचं काय दुखतं, याची पारावर मोकळी चर्चा होऊ लागली. एका सत्तरीच्या म्हाताऱ्याने आपलं काहीच दुखत नाही असं सांगितलं, तेव्हा त्याच्या मुलांनी खाली मान घातली.

घनश्यामला मात्र रात्रीची झोप येईना. शेवटी साखर आणायची म्हणून तो पवनीला गेला आणि गुपचूप दवाखान्यात शिरला. डॉक्टरने मान दाबून पाहिली आणि विचारलं, "उशी कशी आहे?"

घनश्यामने दोन हातांनी उंची दाखवली.

"ही उशी आहे की पायरी?"

उशी सासूबाईंनी नुकतीच दिली होती. जंगलातून सावरीचा कापूस गोळा करून, तो गुडघ्याने दाबून दाबून भरून त्यांनी ती आपल्या हाताने शिवली होती आणि जावयासाठी म्हणून धाडली होती. तिच्यात इतकी माया भरली होती, की ती दबायचं नाव घेत नव्हती. डॉक्टरने ती बदला असं एका वाक्यात सांगितलं. हे वाक्य रुखमिणीसमोर कसं उच्चारायचं, हे त्याने सांगितलं नाही.

घरी येऊन घनश्यामने दुसरी वाट काढली. संध्याकाळी त्याने ती उशी उचलून बायकोच्या बाजूला ठेवली आणि तिची चपटी उशी आपल्याकडे ओढली.

"हे काय?" रुखमिणीने विचारलं.

"तुह्या मायची माया मी एकट्यानंच काहून घ्यावी?"

रुखमिणीने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. मग उशीवरून हात फिरवला. "इतक्या वर्षांत आज सुचलं तुमाले," ती म्हणाली, आणि त्या दिवशी जेवणात त्याच्या ताटात चार झुणक्याच्या वड्या जास्त पडल्या.

डॉक्टरचं निदान बरोबर होतं. थोड्याच दिवसांत मान मोकळी झाली आणि घनश्यामला हे एका वाईट क्षणी कळलं. खिडकीतून "कशी हाय?" ऐकू आलं आणि तो सरळ आवाजाच्या दिशेने वळून पाहता झाला.

तुलारामचा चेहरा उतरला. "वळली काय गा?"

"थोडीशी."

"तुले कोन सांगतलं होतं वळवाले?"

बोलता बोलता तुलारामने मागे वळून बांध्यांकडे पाहिलं. धानाचे शेंडे पिवळे पडले होते. घनश्यामच्या ओठांवर उशी आली होती, ती त्याने तशीच गिळली. भावाला आता फक्त पाणी ऐकायचं होतं.

जागेश्वरला बोलावणं गेलं. त्याने सळ्या फिरवल्या. घनश्यामच्या बाजूला त्या हलल्यासुद्धा नाहीत. "झरा सरकला," तो कपाळावर आठ्या घालून म्हणाला. "उन्हाळ्यात सरकतो."

"कुठी सरकला?" तुलाराम खिडकीतून ओरडला.

तेवढ्यात रुखमिणी चहा घेऊन आत आली. तिने भासऱ्याला पाहून पदर पुढे ओढला, आणि ओढताना "आई गं" म्हणून थांबली. तिचं डोकं एका खांद्याकडे कललं होतं.

भासऱ्याशी भावजय थेट बोलत नसे. तिघेही हाकेच्या आत होते, तरी संभाषण घनश्याममधून फिरून गेलं.

"विचार तिले, मान दुखते काय."

"विचारतात, मान दुखते काय?"

"सांगा त्याईले, परवापासून दुखते."

"परवापासून म्हणते."

"ऐकलं मी! विचार, कोन्त्या अंगाले?"

"सांगा, डाव्या. अन् हेही सांगा का माही मान काही गावची विहीर नाही."

घनश्यामने शेवटचं वाक्य पुढे पोचवलं नाही. ते आपोआप पोचलं होतं. पण तुलाराम तोपर्यंत वाडीत धावला होता आणि दगड रुखमिणीच्या बाजूला सरकवत होता.

बोअरची गाडी आली तेव्हा अर्धं गाव वाडीत उभं होतं. रुखमिणीही दाराशी होती, कललेल्या मानेने. यंत्र सुरू झालं. भावाचा बोअर आपल्या सासूच्या उशीवर चालला आहे, हे त्या गर्दीत एकट्या घनश्यामलाच ठाऊक होतं. तो तुलारामजवळ गेला.

"दादा, थांबव. हे झऱ्याचं नाही. उशीचं हाय!"

"काय?"

"उशी! उशी!"

"काही ऐकू नाही येऊन राहिलं! मागून सांग!"

भोकातून आधी माती उडाली, मग करडी भुकटी. भुकटी निघतच राहिली. तुलारामने डोक्याचा दुपट्टा काढून हातात घट्ट धरला. जागेश्वर एकेक पाऊल मागे सरकत कुंपणाच्या फाटकापर्यंत पोचला होता. घनश्यामला वाटलं, आता धाकट्या भावाचं तोंड मोठा भाऊ पुन्हा कधी पाहणार नाही. मग भुकटी ओली झाली, तिचा चिखल झाला, आणि एकदम पाण्याचा फवारा उसळून सगळ्यांच्या अंगावर आला.

तुलाराम हलला नाही. तोंडावरचं पाणी न पुसता तो तसाच भिजत उभा राहिला. रुचिका म्हणाली, "वाडी उताराले हाय. इथं कुठीही मारलं असतं तरी लागलं असतं," पण तिचं ऐकायला कुणी कोरडं उरलं नव्हतं.

जागेश्वर फाटकापासून परत आला होता. "आता एक ध्यानात ठेवा," तो मोठ्याने म्हणाला. "वैनीनं जागा सोडाची नाही. त्याईची मान बरी झाली म्हणजे झरा अखीन सरकला समजा."

"म्हणजे मी जलमभर अशीच राहू काय?" रुखमिणीने विचारलं.

तुलारामने तिच्या मानेकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि मग घनश्यामकडे अशा नजरेने पाहिलं, की तिला तशीच राहू दे, हे मागणंच होतं.

घनश्यामला गप्प राहता आलं असतं. भावाला पाणी मिळालं होतं. पण दारात रुखमिणी वाकडी उभी होती, आणि ती त्याने केलेली होती.

"कायचा झरा!" तो ओरडला. "माही मान त्या उशीनं दुखत होती. डॉक्टरनं सांगतलं. मी उशी हिच्याकडे सरकवली तर हिची दुखाले लागली. बस, एवढंच हाय!"

रुखमिणीने नवऱ्याकडे असं पाहिलं, की चार जास्तीच्या वड्यांचा हिशेब त्याच्या डोळ्यांसमोर आला.

डोमा विचार करत होता. "थांबा जी," तो म्हणाला. "उशी तुमच्याकडे होती तवा झरा तुमच्याकडे?"

"हो."

"उशी वैनीकडे गेली, तर झरा वैनीकडे?"

"हो. म्हणजे नाही! झरा नव्हताच..."

"अन् बोअर उशीच्या जागेवर मारला, तर पाणी लागलं."

घनश्यामने रुचिकाकडे मदतीसाठी पाहिलं.

"बाबा, एक तर तुमी आधी बोलाले पाह्यजे होतं, नाही तर आता बोलाले नव्हतं पाह्यजे," रुचिका म्हणाली.

डोमा दाराकडे वळला. "वैनी, ती उशी दोन दिवस देता काय? बुढीच्या डोस्क्याखाली ठेवून पाहतो."

रुखमिणीचा चेहरा भराभर बदलत गेला. नवऱ्यावरचा राग कुठेतरी मध्येच थांबला. तिने मान जमेल तेवढी सरळ केली.

"माह्या मायच्या हातची हाय ती," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नेता तर न्या. पण जपून न्या."

डोमानंतर कुणी न्यायची, यावरून वाडीतच वाद सुरू झाला.

पुढच्या आठवड्यात जागेश्वर दुकानात येऊन बसला. सळ्या पिशवीत होत्या. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी बोलावण्याची चिन्हंही नव्हती. उशी पंचक्रोशीत फिरत होती, आणि नाकाडोंगरीला रुखमिणीच्या आईकडे आणखी उशांची मागणी गेल्याचं कानावर आलं होतं. घनश्यामने त्याच्यापुढे चहा ठेवला.

"घनश्यामभाऊ, तुमी समजदार माणूस," जागेश्वर म्हणाला. "उशीनं कधी पाणी सापडते काय जी? काय अंधश्रद्धा होऊन राहिली गावात! तुमच्या रुचिकाले सांगा, विज्ञानावर एक भाषण ठेवू. मी सगळ्यात पुढं येऊन बसतो."